परत घेतलेले आभार

"पोरी, तू बाजूले हो. फोटोत येऊन राह्यली."

माझा बाप स्ट्रेचरवर होता. त्याचा हात माझ्या हातात होता, घामाने ओला आणि गार. समोरचा कॅमेरावाला मला बोटांनी सरक-सरक करत होता, शेळी हाकलावी तसा. मी सरकले नाही. तेव्हा भाऊसाहेबांच्या पुतण्याने माझा दंड धरला आणि मला गर्दीत ढकललं. बापाचा हात सुटला. तो मान वळवून मला शोधत होता. त्याच क्षणी कोणीतरी ओरडलं, "काका, इकडं पाहा," आणि तो बिचारा तिकडं पाहायला लागला.

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याचं अंगण होतं ते. वडनेर भोलजीपासून आत आमचं गाव. अंगणात मंडप टाकला होता आणि मंडपाच्या तोंडाशी पांढरी कोरी रुग्णवाहिका उभी होती. काचेला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. दोन्ही बाजूंना भाऊसाहेबांचं नाव, ठळक, लाल. रुग्णवाहिका हा शब्द त्याच्या खाली, लहान अक्षरात. त्या दिवशी तिचं लोकार्पण होतं. आणि त्याच सकाळी माझ्या बापाची छाती धरली.

त्या वेळी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही भाजीपाल्याचं करतो. वावर आमचं नाही, भाऊसाहेबांच्या भावकीचं, बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केलेलं. बा सकाळी वांगी तोडत होता. मधेच वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, "छातीवर कोनी बसल्यावानी होऊन राह्यलं." चुलत्याचा पिकअप भाजी भरून नांदुऱ्याच्या बाजाराला निघालाच होता. चुलत्याने आम्हाला दवाखान्याच्या दारात सोडलं. त्याला वाटलं, पित्त असेल, इंजेक्शन घेतील आणि घरी जातील. तो बाजाराला निघून गेला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, शहरातल्या, सक्तीची सरकारी नोकरी करायला आलेल्या. त्यांनी छातीची पट्टी, ईसीजी, काढली. कागद पाहून त्यांचा चेहरा बदलला तो मी पाहिला. बाच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि मला म्हणाल्या, "खामगावला न्यायला हवं. आत्ताच." नेहमीची सरकारी गाडी बाळंतिणीला घेऊन दुसरीकडे गेली होती, तिला यायला वेळ होता. मॅडम बाहेर आल्या, नव्या गाडीकडे पाहिलं आणि पुतण्याकडे किल्ली मागितली.

पुतण्या म्हणाला, "मॅडम, साहेब येऊस्तोर गाडी हालनार नाई. फित कापाची राह्यली."

"पेशंट सिरियस आहे."

"साहेब येऊनच राह्यले. फाट्यापर्यंत आले."

फाट्यापासून दवाखाना म्हशीलाही जवळ आहे. भाऊसाहेबांना बराच वेळ लागला. वाटेत दोन ठिकाणी हार घेतले, असं नंतर कळलं. बा बाकावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. मॅडम पुन्हा पुन्हा नाडी पाहत होत्या आणि दाराकडे पाहत होत्या. मी फक्त गाडीकडे पाहत होते. इतकी जवळ होती की तिच्या नव्या रबराचा वास बाकापर्यंत येत होता.

मग गाड्यांचा ताफा आला, फटाक्याची लड लागली, भाऊसाहेब उतरले. जिल्हा परिषदेचे सदस्य, आमच्या वावराच्या मालकांचे भाऊ, गावातल्या सगळ्या कमानींचे आणि सभामंडपांचे धनी. ते आत आले आणि माझा बाप उठून उभा राहिला. छातीत कळ, कपाळावर घाम, आणि तो भिंतीला धरून उभा. मॅडम ओरडल्या, "बसा हो, बसा." तो बसेना. साहेब उभे असताना बसायचं नाही, हे त्याच्या हाडातच होतं. मला आजही त्या उभं राहण्याचा राग येतो. बाचा नाही. ज्यांनी ते हाडात घातलं त्यांचा.

मॅडमनी भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, बाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पेशंट हाये काय? मंग त्यालेच बसवा ना गाडीत. खरा पेशंट बरा दिसते."

मला वाटलं, सुटलो. देवाने ऐकलं. मी त्या माणसाच्या पाया पडायला निघाले होते, हे लिहिताना माझे हात जळतात. पण खरं ते खरं.

स्ट्रेचर आणलं. बाने त्यावर बसण्याआधी चपला काढल्या. गाडी नवी होती, पाय मातीचे होते. त्याने चपला गाडीच्या मागच्या पायरीशी जोडीने नीट लावून ठेवल्या, मोठ्या माणसाच्या ओसरीवर ठेवतात तशा. मग आडवा झाला. मग मला फोटोतून काढलं. भाऊसाहेब स्ट्रेचरशेजारी उभे राहिले, एक हात बाच्या खांद्यावर, तोंड कॅमेऱ्याकडे.

बाने दोन्ही हात जोडले. म्हणाला, "साहेब, लई उपकार झाले तुमचे."

परक्या माणसाशी माझा बाप बोलला ते शेवटचं वाक्य.

फीत कापली, नारळ फुटला, हिरवा झेंडा हलला आणि गाडी निघाली. मला आत घेतलंच नव्हतं. मी धावले. फाटकातून बाहेर, शाळेच्या भिंतीकडेने, पाराच्या दिशेने, ओढणी गळ्यात अडकलेली, गाडीमागे. मला एवढंच कळत होतं की बा एकटा खामगावला चाललाय आणि तिथं त्याचं नाव सांगायलाही कोणी नाही. पाराजवळ गाडी हळू झाली. वळली. परत माझ्याकडे यायला लागली.

मला वाटलं, मला घ्यायला वळली.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात वर केला, एसटीला करतात तसा. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी बाजूला झाले. गाडी माझ्या अंगावरून वारा घालत दवाखान्याच्या फाटकात शिरली. मी तिथंच उभी, हात अजून वर. पारावरची म्हातारी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मला काही समजत नव्हतं.

मी अंगणात पोचले तेव्हा ते बाला उतरवत होते. ड्रायव्हर म्हणाला, "उतरवा. एवढंच व्हतं."

एवढंच होतं. गाडीने गावातून पाराला वळसा घालायचा आणि परत यायचं, म्हणजे लोकार्पण झालं. वरातीत नवरदेवाला मारुतीच्या पाया पाडून आणतात तसं. मॅडम भाऊसाहेबांच्या मागे मागे जात बोलत होत्या, त्यांचा आवाज फाटला होता. भाऊसाहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हरची ऑर्डर नाई आली अजून, मी काय करू? हा माह्या घरचा ड्रायव्हर हाये. मले पुढं मोताळ्याले कार्यक्रम हाये." दार लागलं. ताफा गेला. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालायला लागले.

बाला पुन्हा आत नेऊन पलंगावर ठेवलं. त्याचे डोळे मिटलेले होते. तोवर माय वावरातून धावत आली होती, हाताला वांग्याचे काटे तसेच. बाने डोळे किलकिले केले, पांढऱ्या भिंती पाहिल्या, मायला पाहिलं.

"आलं काय खामगाव?"

मायने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माय म्हणाली, "हाव. पोचलो आपुन."

तो "बरं" म्हणाला आणि शांत झाला. त्याचा विश्वास होता. साहेबांनी गाडी दिली, गाडी निघाली, म्हणजे खामगाव येणारच.

चुलता बाजारातून उलटा आला. अर्धी भाजी क्रेटमध्येच होती. ती दवाखान्याच्या ओट्यावर उतरवली आणि क्रेटांच्या जागेवर गोधडी टाकून बाला निजवलं. त्याच्या चपला मी शोधल्या. फोटोच्या गर्दीत कुठं गेल्या कोण जाणे. त्याला अनवाणीच नेलं. नांदुरा मागे पडलं आणि थोड्या वेळाने मायने पिकअपच्या टपावर थाप मारली. चुलत्याने गाडी थांबवली नाही. त्याला वाटलं, ती लवकर चल म्हणतेय.

नवी गाडी लगेच निघाली असती तर तो वाचला असता काय? लोक मला हे विचारतात. कोणी खरंच विचारतं, कोणी मला गप्प करायला. मला माहीत नाही. डॉक्टर मॅडमनाही माहीत नाही. मला त्याचं उत्तर नकोच आहे. त्याला चढवलं, मिरवलं आणि उतरवलं. माझ्या सुडाला एवढं पुरतं.

तेरवीला पाहुणे आले ते फाट्यावरचा फ्लेक्स पाहूनच आले. मोठा फ्लेक्स, एसटी थांब्याच्या वर. भाऊसाहेबांच्या अथक प्रयत्नांतून गावाला रुग्णवाहिका. आणि मधोमध माझा बाप, हात जोडलेला. घाम दिसत नव्हता. फ्लेक्सवाल्याने चेहरा उजळ करून दिला होता. माझी आत्या म्हणाली, "फोटो लई चांगला आला दादाचा." तिचं काही चुकलं नाही. आमच्याकडे बाचा दुसरा धड फोटोच नव्हता.

म्हणून मग हार घालायला जो फोटो केला, तो त्याच फ्लेक्सवरून केला. चुलत्याने मोबाईलमध्ये घेतला, नांदुऱ्याच्या स्टुडिओवाल्याने भाऊसाहेबांना कापून काढलं आणि मागे निळं आभाळ टाकलं. फ्रेम भिंतीवर लागली. खांद्यावरची ती बोटं मात्र राहून गेली होती. जवळ गेलं की दिसायची, अंगठीसकट. मी रोज सकाळी उदबत्ती लावायची आणि माझा मेलेला बाप त्या बोटांखाली हात जोडून असायचा, साहेबांचे आभार मानत, जेवायच्या वेळेला, झोपायच्या वेळेला, सणाला.

पावसाळा संपता संपता मी तो फोटो उतरवला. आधार कार्डावरचा बाचा फोटो मी मोठा करून आणला. त्यात तो धुरकट आहे, केस विस्कटलेले, आणि रागावल्यासारखा दिसतो. बहुतेक रांगेत उभा राहून कंटाळला असावा. पण मला तो रागावलेला बाप आवडतो. तोच भिंतीवर आहे.

त्याच सुमारास मी दवाखान्यात गेले होते. मायला ताप होता. नवी गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, चाकांजवळ गवत उगवलेलं. मी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं, "ड्रायव्हर काऊन नाई अजून?" त्या थकल्या होत्या. म्हणाल्या, "गाडी एका पैशातून येते आणि ड्रायव्हर दुसऱ्या. गाडीचा पैसा सदस्यांनी मंजूर करून घेतला. ड्रायव्हर कंत्राटी, त्याचा पैसा वेगळीकडून येणार, त्याचा आदेश नाही. मी किती पत्रं लिहिली तुला काय सांगू." मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी किल्ली हिसकावून घ्यायला हवी होती." मी त्यांना पाणी दिलं. त्यांची मला दया येते. माफ मी त्यांनाही केलेलं नाही.

घरी आल्यावर मी गावातून एक चक्कर मारली. उगीच नाही, डोळे उघडे ठेवून मारली. दवाखान्याच्या भिंतीवर नाव. पाण्याच्या टाकीवर नाव. बाकांच्या पाठीवर नाव, बसलं की ते पाठीला टेकतं. शवपेटीवरसुद्धा नाव, म्हणजे मेल्यावरही सुटका नाही. आणि ज्याची रोज वानवा असते त्याच्यावर कुणाचंच नाव नाही. ताप उतरवायच्या गोळीवर नाव लिहिता येत नाही. नर्सबाईच्या पगारावर लिहिता येत नाही. ड्रायव्हरच्या पगारावर नारळ फोडता येत नाही. महिन्याच्या महिन्याला गुपचूप खर्च करावा लागतो, फीत नाही, फोटो नाही, कुणी हात जोडत नाही. म्हणून तो पैसा येत नाही. इमारत होते आणि आत माणूस नसतो. मशीन येतं आणि चालवणारा येत नाही. आम्हाला वाटायचं, सरकार गरीब आहे. सरकार गरीब नाही. सरकारला आमच्याकडून आभार पाहिजेत, आणि आभार फक्त दिसणाऱ्या वस्तूचे मिळतात.

मी हे मायला सांगितलं. माय शिकलेली नाही, पण तिला एकदाच सांगावं लागतं. तिने विचारलं, "मंग गाडीचा पैसा त्याच्या घरचा नोयता?"

"नाई. लोकायचा. आपन साबन घेतो, बियानं घेतो, फवाऱ्याचं औषध घेतो, त्याच्यात कर असते. तो पैसा."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे तुह्या बापानं आपल्याच गाडीचे उपकार मानले त्याचे?"

तव्यावरची भाकरी जळली. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही. आणि मला जे हवं होतं ते मला त्या चुलीपाशी कळलं. मला भरपाई नको होती. मला माझ्या बापाचे आभार परत पाहिजे होते. तो भाऊसाहेबांपाशी खोट्याने जमा झालेला माल होता. बाला परत आणता येत नव्हतं, पण ते एक वाक्य मला परत आणता येत होतं.

संधी भाऊसाहेबांनीच दिली. दवाखान्याला कमान बांधली होती त्यांच्या वडिलांच्या नावाने. ड्रायव्हर तोवर एक येऊन गेला होता. ठेकेदाराने महिनोन्महिने पगार दिला नाही म्हणून तो सुरतला निघून गेला. गाडी पुन्हा शेडमध्ये. कमान मात्र खामगावचा कारागीर आणून रंगवली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पुतण्या आमच्या घरी आला. ओसरीवर बसला, पाणी मागितलं. गोड बोलायला लागला.

"काकूले उद्या साडी-चोळी द्याची हाये साहेबाच्या हातानं. आन तू शिकेल हायेस, दोन शब्द बोल. साहेबाचं नाव पयले घे."

मी पाण्याचा गडू उचलून आत ठेवला.

"दवाखान्यात कॉम्प्युटरची जागा निघून राह्यली. साहेबाच्या शब्दावर हाये. समजून घे."

नोकरीची मला किती गरज होती ते मी लपवणार नाही. बा गेल्यावर वावर आम्ही दोघी ओढत होतो. माझं शेवटचं वर्ष होतं. ती जागा मिळाली असती तर मायचं कंबरडं वाचलं असतं. मी रात्रभर विचार केला असं म्हटलं तर खोटं होईल. मी त्याच्यासमोरच ठरवलं. म्हटलं, "हाव. बोलीन."

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. मायला पहिल्या रांगेत बसवलं. तिला साडी दिली, फोटो झाला. सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं, कुटुंबाच्या वतीने मनोगत. मी वर गेले. भाऊसाहेब मधल्या खुर्चीत, फेटा बांधलेला. मला पाहून त्यांनी मान हलवली. ओळखलं की नाही कोण जाणे. फोटोतून काढलेली पोरगी कशाला लक्षात राहील.

मी जे बोलले ते जसंच्या तसं इथं लिहिते. दुसऱ्या कोणी ते वेगळं सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

"माह्या बापाले याच अंगणात गाडीत चढवलं. पारापर्यंत फिरवून आनलं आन उतरवून देल्लं. तो मेला. चढतानी तो साहेबाले म्हनला का तुमचे लई उपकार झाले. गाडी साहेबाची नोयती, लोकायची व्हती. त्याले ते माहीत नोयतं. मले आता माहीत हाये. माह्या बापानं मानलेले आभार मी परत घेते."

एवढ्यात माईक बंद झाला. पुतण्या वायरजवळ उभा होता. बरंच झालं. पुढचं मी माईकशिवाय ओरडून बोलले, आणि माझा आवाज मळ्यातला आहे, वानरं हाकलून कमावलेला. "साहेब, सगळ्यायसमोर सांगते, घेतले म्या परत. बापाचा तो फोटो यापुढं कुठी लागला तर म्या फाडीन. कमान बांधली, ड्रायव्हर कुठी हाये ते सांगा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी हललंसुद्धा नाही. भाऊसाहेबांचा चेहरा आधी हसराच राहिला, हसणं तोंडावर विसरून गेल्यासारखा. मग तो उतरला, आणि उतरताना मी पाहिला. मी खाली मान घातली नाही. माझ्या आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, हे मी न लाजता सांगते. माय उठली. ती साडी तिने स्टेजच्या काठावर ठेवली, पदर नीट केला आणि म्हणाली, "चाल पोरी, वावरात पानी लावाचं हाये."

त्या वावराला आम्ही पाणी लावलं ते शेवटचंच. आठवड्याच्या आत निरोप आला, बटई बंद. उभी मिरची होती, तोडूही दिली नाही. चुलता आमच्याशी बोलेनासा झाला, त्याचा पिकअप भाऊसाहेबांच्या पतसंस्थेच्या कर्जावर आहे. कॉम्प्युटरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. बायका हापशीवर मला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. माय मजुरीला जायला लागली. मी नांदुऱ्याला एका औषधाच्या दुकानात लागले, आजही तिथंच आहे. सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आलेली माणसं रोज माझ्या काउंटरपुढे उभी असतात. जी गोळी आत फुकट मिळायला हवी ती ते माझ्याकडून विकत घेतात, आणि जाताना मलाच हात जोडतात. मी त्यांच्यावर खेकसते. म्हणते, खाली घ्या हात. ते घाबरतात. माझा स्वभाव बिघडलाय, असं मालक म्हणतो.

बिघडलाच आहे. तो मी बिघडवून ठेवलाय.

आता जिल्ह्यात कुठं दवाखान्याचं काही उद्घाटन असलं की मी जाते. बोलावणं नसतं. मागे उभी राहते आणि फीत कापायच्या आधी एकच विचारते, हे चालवणारा माणूस कोण, आणि त्याचा पगार कुठून येणार. पहिल्यांदा पोलिसांनी बाहेर काढलं. दुसऱ्यांदा दोन बायका माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. हल्ली भाऊसाहेब गाडीतून उतरले की आधी गर्दीवर नजर फिरवतात. मला शोधतात. त्या नजरेसाठी मी बसचं भाडं खर्च करून जळगाव जामोदपर्यंत गेले आहे, आणि पुन्हा जाईन.

आमच्या गावच्या गाडीला आता ड्रायव्हर आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत आम्ही बायका उठलोच नाही, तेव्हा आला. दाराशी दोन पोलीस उभे होते, तरी उठलो नाही. त्याचा पगार थकला की तो दवाखान्याला नंतर सांगतो, आधी मला सांगतो. पण यामुळे माझा राग निवला असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे.

मागच्या महिन्यात भाऊसाहेबांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, मोठ्या खाजगी दवाखान्यात, शिरेत काहीतरी बसवलं. गावात त्यांच्यासाठी महादेवाला अभिषेक झाला. हापशीवर एक जण इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "आता तरी थंडक पडली काय तुह्या जीवाले?"

मी घागर भरली आणि सरळ महादेवाच्या देवळात गेले. मीही नवस बोलले. मायला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"त्याच्यासाठी? काऊन?"

कारण तो मेला तर सुटेल. मेलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. त्याच्या नावाची कमान होईल, चौकात पुतळा बसेल, आणि माझ्यासारखीनेही पदर डोक्यावर घेऊन दर्शनाला जावं अशी रीत पडेल. ते मी होऊ देणार नाही. येत्या निवडणुकीत त्याच्या जिल्हा परिषद गटातून मी अर्ज भरणार आहे. अर्ज मागे घे म्हणून माणसं येतील, आधी गोड बोलतील, मग गोड बोलणार नाहीत. येऊ देत. या वेळी नाही तर पुढच्या वेळी, मी त्याला हरवणार आहे, त्याच्याच गावात, त्याच्याच माणसांसमोर. त्या दिवशी तो जिवंत पाहिजे. धडधाकट पाहिजे. कान शाबूत पाहिजेत त्याचे.

मी महादेवाला म्हटलं, त्याले चांगला जगव. माह्यं काम व्हाचं हाये अजून.